कॉर्टिसोन : चढण आणि उतरण

ह्या व्यासपीठावरून इतिहास सांगावयाचा म्हटले की श्रोत्यांना गडकोट, लढाया आणि तह ह्यांची अपेक्षा असते. आम्ही मात्र आज एका औषधाची बखर सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे आणि इतिहासाचे पदवीधरही नव्हे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिक्षण झाले ते सोलापुरात वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. अशा माणसाने वैद्यकाच्या इतिहासात का शिरावे, असे कोणी विचारील तर त्याला कारण आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगतो.

सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरांतल्या हजारो बायका विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली तेंदूची पाने, आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. बोटे चालली तर चूल पेटते. आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासद बाईंना आम्ही अक्का म्हणतो आणि त्या आम्हांला अण्णा म्हणतात. ह्या अक्कांची बोटे संधिवाताने धरली. सकाळी उठल्यावर मूठ मिटायला दीड-दीड तास लागे. कोणीतरी आठवडे-बाजारात बसणाऱ्या जडीबुटीवाल्याकडची पुडी आणून दिली आणि चौथ्या दिवशी अक्का पहिल्यासारख्या विड्या वळू लागल्या. दोन वर्षे ही पुडी चालली. चेहरा गरगरीत झाला, तेव्हा शेजारणी म्हणाल्या, बाई अंगाने भरली. आम्ही कुठेतरी वाचले होते की असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते आणि ते फार वाईट. एवढ्या अर्ध्या ज्ञानावर, सभेत बोलावे तशा आवाजात आम्ही सांगितले, "अक्का, ही पुडी आजच्या आज गटारात टाका." अक्कांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. ही गोष्ट २००९ सालची.

पाचव्या दिवशी त्यांना ओकाऱ्या सुरू झाल्या, उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी, आणि सर्वांगाला असा ठणका की लुगडे अंगाला लागलेले सोसेना. पहिल्या दवाखान्यात, बाईला काही झालेले नाही, कामाचा कंटाळा आहे, असे ऐकून आम्ही परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी चेहरा पाहिला, रक्तदाब पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : "काय घेत होत्या, आणि कधी बंद केले?" सलाइन लावले, हायड्रोकॉर्टिसोनची सुई दिली, आणि अक्का वाचल्या. त्या रात्री दवाखान्याच्या पायरीवर बसून आम्ही ठरवले की हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावयाचे. वाचता वाचता असे ध्यानात आले की जी चूक आम्ही केली ती जगातल्या शहाण्यासुरत्या डॉक्टरांनीही करून पाहिलेली होती.

आता मूळ कथा. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर नावाचे गाव आहे. तेथील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे संधिवाताचे डॉक्टर होते. १९२९ सालच्या एप्रिलात एका रोग्याने त्यांना सांगितले की मला कावीळ झाली आणि माझे सांधे दुखायचे थांबले. दुसरा एखादा हसून सोडून देता. हेंच ह्यांनी टिपून ठेवले आणि अशा रोग्यांचा शोध घेऊ लागले. गरोदरपणातही पुष्कळ बायकांचा संधिवात उतरतो, हेही त्यांनी पाहिले. म्हणजे ज्याला सारे जग न परतणारा रोग समजत होते तो परतू शकतो. शरीरातच कोठेतरी असा पदार्थ आहे की जो ही किमया करतो. त्या अज्ञात पदार्थाला त्यांनी 'एक्स' म्हटले. रोग्याचे बोलणे खरे मानल्यामुळे ह्या बखरीची सुरुवात झाली, हे श्रोत्यांनी लक्षात ठेवावे.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी बसलेली जी अधिवृक्क ग्रंथी, तिच्यातून ते एकेक पदार्थ वेगळा काढीत होते. त्यांतला 'ई' नावाचा पदार्थ १९३५ च्या सुमारास हाती आला. स्वित्झर्लंडमध्ये ताडेउस राइखस्टाइन हेही स्वतंत्रपणे ह्याच कामात होते. १९४१ च्या जानेवारीत हेंच आणि केंडॉल ह्यांनी ठरवले की हा 'ई' कधी पुरेसा मिळाला तर संधिवातावर वापरून पाहावयाचा. हेंच ह्यांनी ते आपल्या खिशातल्या वहीत लिहून ठेवले. पुढे महायुद्ध आले. जर्मन वैमानिक अधिवृक्काचा अर्क टोचून घेऊन फार उंचावर उड्डाण करतात अशी एक कंडी पिकली, आणि त्या कंडीपायी अमेरिकन सरकारने ह्या संशोधनाला पैसा पुरवला. कंडी खोटी निघाली. पण ज्या कामाला शांततेत पैसा मिळाला नसता ते काम पुढे सरकले. मर्क कंपनीतील लुईस सॅरेट ह्यांनी बैलाच्या पित्तातून आरंभ करून तीसहून अधिक पायऱ्यांनी 'ई' तयार केला. अखेर १९४८ साली तो, ग्रॅमात मोजावा इतका का होईना, हेंच ह्यांच्या हाती पडला.

२१ सप्टेंबर १९४८. संधिवाताने खिळलेली एकोणतीस वर्षांची एक बाई. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे आजच्या प्रेडनिसोलोनच्या भाषेत सुमारे २० मिलिग्रॅम, असे टोचणे सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तिचा आखडलेपणा उतरू लागला, आणि आठवड्याभरात ती गावात जाऊन तीन तास बाजार करून आली. १९४९ च्या एप्रिलात चौदा रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. चित्रपटात आधी घासत चालणारी माणसे मग जिने चढताना दिसली, तेव्हा डॉक्टरांनी टाळ्यांचा गजर केला. १९५० साली हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. औषधाला नाव मिळाले कॉर्टिसोन.

ही झाली चढण. तिचे पोवाडे सगळीकडे छापून आले. परंतु त्या पहिल्याच वृत्तांतात हेही लिहिलेले होते की सुई थांबवली की दुखणे परत येते. हेंच ह्यांनी स्वतः बजावले होते की हे औषध आग विझवीत नाही, आगीत उभ्या असलेल्या माणसाला न जळणारा अंगरखा तेवढा घालते. अंगरखा काढावयाचा कसा, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या गजरात मागे पडला.

किमतीबद्दल दोन शब्द बोलल्यावाचून आमच्यासारख्याला राहवत नाही. आरंभी एका ग्रॅमला सुमारे २०० डॉलर पडत. पुढे मेक्सिकोच्या जंगलातला बार्बास्को नावाचा कंद कामी आला. त्यापासून प्रोजेस्टेरॉन करता येत होते, आणि १९५२ साली अपजॉन कंपनीच्या पीटरसन व मरे ह्यांनी एका बुरशीकडून त्यावर नेमकी ती अवघड रासायनिक पायरी करवून घेतली. भाव कोसळले. कंद खणणाऱ्या मेक्सिकन शेतकऱ्यांची नावे कोणत्याही पारितोषिकाच्या यादीत नाहीत, असो. १९५५ साली प्रेडनिसोन बाजारात आले, आणि हे औषध साध्या गोळीच्या रूपाने घरोघरी पोहोचले. स्वस्त झाले हे उत्तमच; पण स्वस्त झाल्यामुळेच ते पुढे आठवडे-बाजारातल्या पुडीतही शिरू शकले.

आता उतरणीकडे वळू. येथे एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्या केंडॉल ह्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध निघाले तेथेच ड्वाइट इंगल ह्यांनी १९३७ साली उंदरांवर एक प्रयोग केला होता. बाहेरून अधिवृक्काचा अर्क भरपूर दिला की उंदराची स्वतःची ग्रंथी सुकून जाते. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते. ती रक्तात माल किती आहे हे पाहते आणि कमी असेल तर अधिवृक्काला हुकूम सोडते. बाहेरून माल येऊ लागला की हुकूम थांबतात. सोलापूरकरांना हे उलगडून सांगण्याची गरज नाही. बाहेरचा स्वस्त माल आला की गिरणी बंद पडते. साचे गंजतात, बॉयलर थंड होतो, कामगार गावी निघून जातात. आता समजा, एका सकाळी बाहेरचा माल अचानक थांबला. भोंगा वाजवला म्हणून गिरणी त्या दिवशी सुरू होईल काय? आम्ही अक्कांना पुडी टाकावयास सांगितली तेव्हा नेमका असा भोंगा वाजवला होता.

पहिली सुई १९४८ ची आणि उंदीर १९३७ चे, म्हणजे अकरा वर्षे आधीचे. तरीही माणसांच्या बाबतीत धडा मिळाला तो मृत्यूने. १९५२ साली फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एका संधिवाताच्या रोग्याची हकीकत दिली. त्याला काही महिने कॉर्टिसोन दिले जात होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेच्या सुमारास ते आवरते घेतले, आणि शस्त्रक्रियेनंतर थोड्याच तासांत तो दगावला. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या आढळल्या. तेव्हापासून जगभरचे शल्यवैद्य रोग्याला विचारू लागले की बाबा, तू स्टेरॉइड घेतोस काय? आमच्या अक्कांना दुसऱ्या दवाखान्यात विचारलेला प्रश्न हा त्या एका मृत्यूचा वारसा होय.

पण आमच्या मते त्याच वर्षीची दुसरी एक नोंद अधिक मोलाची आहे, आणि तिचा गाजावाजा मुळीच झाला नाही. हेंच ह्यांचे सहकारी चार्ल्स स्लोकम ह्यांनी १९५२ साली एक छोटे टिपण लिहिले. त्याचा मथितार्थ असा की कॉर्टिसोन कमी करताना रोग्याला जे दुखते ते नेहमी मूळ रोगच उसळल्यामुळे दुखते असे नाही. औषधाची तूट पडली म्हणजे हुबेहूब संधिवाताचे सोंग आणणारी वेदना उठते. ह्याचे परिणाम पाहा. डोस कमी केला, दुखले. डॉक्टर म्हणाले रोग बळावला, डोस वाढवा. वाढवला, पुन्हा कमी केला, पुन्हा दुखले. अशा येरझाऱ्यांत माणूस वरवरच चढत जातो आणि खाली उतरण्याची वाट त्याला सापडत नाही. ह्या येरझाऱ्यांनीच हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, मोतीबिंदू हे सारे ओढवते.

१९६० साली अमात्रुडा आणि सहकाऱ्यांनी आणखी एक आश्चर्य दाखवले. ग्रंथी व्यवस्थित चालू असतानाही, केवळ औषध उतरवल्यामुळे काही रोग्यांना सांधेदुखी, स्नायूंचा ठणका, मळमळ, मरगळ होते. गिरणी सुरू झालेली असते. पण शरीराला चढ्या मालाची सवय लागलेली असते. म्हणजे रक्ततपासणी ठीक आहे आणि रोगी तरीही कळवळतो आहे, ह्यात विरोध नाही. पहिल्या दवाखान्यात अक्कांना कामचुकार ठरवले गेले त्याच्या एकोणपन्नास वर्षे आधी हे छापलेले होते. मग १९६५ साली लिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ औषध घेतलेल्या रोग्यांत ग्रंथी पूर्ववत होण्यास किती काळ लागतो हे मोजले. आधी महिना-दोन महिने दोन्ही ग्रंथी निपचित. मग पीयूषिका जागी होऊन जोराने हुकूम सोडू लागते, पण अधिवृक्क उत्तर देत नाही. आणि पुरते पूर्ववत व्हायला नऊ महिन्यांपर्यंत लागतात. नऊ महिने! आम्ही अक्कांना एक संध्याकाळ दिली होती.

दरम्यान विलायतेत एक कसोटी झाली होती. सुरुवातीच्या अवस्थेतील संधिवाताचे ६१ रोगी घेतले. ३० जणांना कॉर्टिसोन, ३१ जणांना साधी ॲस्पिरिन. १९५४ साली वर्षाअखेरचा निकाल आला तेव्हा दोहोंत फारसे अंतर नव्हते. दिपून गेलेल्यांच्या डोळ्यांत हे चांगलेच अंजन पडले. पुढे प्रेडनिसोलोन थोड्या मात्रेत सांध्यांची झीज काही अंशी रोखते असेही दिसले. तेव्हा औषधाला राक्षस ठरवणे हेही आमच्या मागच्या भाषणाइतकेच अडाणीपणाचे. प्रश्न कमीत कमी मात्रेचा आणि वेळेवर उतरण्याचा आहे.

उतरताना हात धरायला दुसरे काही हवे. ह्या ठिकाणी बखरीत एक आपला माणूस येतो. भीमावरम् येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली प्रयोगशाळेचे संशोधनप्रमुख झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली जी औषधे निघाली त्यांत अमिनोप्टेरिन आणि मिथोट्रेक्सेट ही रक्ताच्या कर्करोगावर चालली. सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये वारले. त्या पहिल्या कॉर्टिसोनच्या सुईच्या सहा आठवडे आधी. १९५१ साली न्यूयॉर्कच्या गुबनर ह्यांनी अमिनोप्टेरिन संधिवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि त्यांना उतार पडला. पण कॉर्टिसोनच्या झगमगाटात तिकडे कोणी पाहिले नाही. मिथोट्रेक्सेटच्या पक्क्या कसोट्या १९८५ च्या सुमारास झाल्या आणि १९८८ साली अमेरिकेत संधिवातासाठी त्याला मान्यता मिळाली. मधली तीन दशके संधिवाताची लाखो माणसे अंगरखा घालून आगीत उभी राहिली. हे औषध मुळाशी आग कमी करते, म्हणून अंगरखा हळूहळू काढता येतो. मात्र ते सावकाश लागू पडते, सहा ते बारा आठवडे घेते, आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतले तर प्राणावर बेतते. यकृताची व रक्ताची तपासणीही चुकवून चालत नाही.

अक्कांना आम्ही सांगितले की ही गोळी तुमच्या बोलीच्या माणसाने शोधायला लावली. त्यांनी विचारले, "किती आहे तिची किंमत?" आम्ही सांगितली. म्हणाल्या, "मग खरेच आपला माणूस."

त्यांची उतरण अशी झाली. प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमवर बसवले, मिथोट्रेक्सेट सुरू करून तीन महिने वाट पाहिली, आणि मग महिन्याला एक मिलिग्रॅम ह्या बेताने डोस कमी करू लागले. निरोगी शरीर रोज स्वतः जेवढा माल काढते तो ह्या गोळीच्या हिशेबाने सुमारे ५ मिलिग्रॅम. म्हणून त्या आकड्याच्या आसपास पाय अधिक जपून टाकावा लागतो. ६ वर आल्यावर अक्कांच्या दंडांना, मांड्यांना, पाठीला ठणका लागला. डॉक्टरांनी बोटे दाबून पाहिली. सूज नाही, ऊब नाही, सकाळचा आखडलेपणा वाढलेला नाही, रक्ताचा ई.एस.आर. पहिल्याइतकाच. त्यांनी डोस वाढवला नाही आणि कमीही केला नाही. आहे तेथे थांबा म्हणाले. पॅरासिटामॉल मोजून दिली. ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या स्टेरॉइडबरोबर पोटात व्रण करतात म्हणून दुकानातून आपल्या मनाने घेऊ नका, असे निक्षून सांगितले. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हलवायची, आणि एका बैठकीला हजार विड्या न वळता दर अर्ध्या तासाने उठायचे. तीन आठवड्यांनी तो ठणका आपोआप ओसरला. स्लोकम ह्यांचे टिपण आमच्या डोळ्यांपुढे घडत होते.

दुसऱ्या वेळी, ३ वर असताना, गोष्ट वेगळी झाली. उजव्या हाताची दोन बोटे मुळाशी फुगली आणि गरम लागली. हा खरा रोग होता. तेव्हा डॉक्टर एक पायरी मागे आले आणि मिथोट्रेक्सेटची मात्रा वाढवली. दोन्ही वेळी अक्कांच्या तोंडी शब्द एकच होता, "दुखते." वेगळे होते ते हात लावून पाहणे. आणि तिसरा प्रकार, ओकाऱ्या, घेरी, रक्तदाब कोसळणे, तो घरी थांबून पाहण्याचा नव्हेच.

मजुरीचे काय झाले, असा प्रश्न आमच्या जातीचे श्रोते विचारतील. ती घटली. हजाराच्या जागी सहाशे विड्या, काही दिवस चारशे. ही तूट अक्कांच्या सुनेने आणि थोडी युनियनच्या पेटीने भरली. अलीकडे, २०२० साली, एका मोठ्या कसोटीचा निकाल प्रसिद्ध झाला. टोसिलिझुमॅब नावाचे नवे औषध घेणारे, रोग आटोक्यात असलेले २५९ रोगी. काहींनी ५ मिलिग्रॅम चालू ठेवले, काहींनी दर चार आठवड्यांना एक मिलिग्रॅम उतरवले. चोवीस आठवड्यांनी चालू ठेवणाऱ्यांपैकी ७७ टक्के ठीक राहिले, उतरवणाऱ्यांपैकी ६५ टक्के. म्हणजे तिघांतले दोघे सुखरूप उतरले, आणि ज्याला उतरवेना तो भित्रा नव्हे. पण ते नवे औषध विडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीत बसत नाही, हे त्या आकड्यांच्या शेजारी लिहून ठेवले पाहिजे.

२०१० साली अक्का अजून ४ मिलिग्रॅमवर होत्या तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली. सकाळी उपाशी या, कसलीही गोळी घेऊ नका, असे कारकुनाने सांगितले. त्याआधी काही दिवस आम्ही डॉक्टरांकडून तपासून घेऊन एक कार्ड छापले होते, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू : ह्या बाई स्टेरॉइड घेतात, ते अचानक बंद करू नये, ताप, उलट्या किंवा शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना आधी दाखवावे. अक्कांनी पदराच्या गाठीतून ते काढून दाखवले. डॉक्टरांनी वाचले आणि ती एक गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यावयास सांगितली. पुढच्या वर्षी त्यांची शेवटची गोळी सुटली. कार्ड आता तिसऱ्यांदा छापले आहे, आणि ह्या खेपेस 'मिथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, आमचा वार रविवार' ही ओळ अक्कांनी हट्टाने घालायला लावली.